एचसीव्ही ‘रिॲक्टिव्ह’, पण कार्ड टेस्ट ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ : यातून काय समजावे?

राजेंद्रनगरकर | १२ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहतो, वय ४६. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात दर वर्षी रक्तदान शिबिर असते आणि गेली अकरा वर्षे मी त्यात न चुकता रक्त देत आलो आहे. यंदा शिबिरानंतर आठव्या दिवशी रक्तपेढीतून फोन आला की एकदा येऊन भेटून जा, फोनवर सांगता येणार नाही. गेलो, तर समुपदेशकांनी दार लोटून घेऊन हलक्या आवाजात सांगितले की तुमची एचसीव्हीची, म्हणजे यकृताला होणाऱ्या हिपॅटायटिस सी ची, तपासणी रिॲक्टिव्ह आली आहे, घाबरू नका, पण बाहेर एकदा पुन्हा तपासून घ्या.

त्याच संध्याकाळी घराजवळच्या लहान प्रयोगशाळेत कार्ड टेस्ट, म्हणजे पट्टीवरची झटपट तपासणी, केली, ती नॉन-रिॲक्टिव्ह आली. आनंद एक रात्र टिकला. दुसऱ्या दिवशी, खात्री असावी म्हणून, मोठ्या प्रयोगशाळेत मशीनवरची तपासणी करवली. त्या अहवालात ‘अँटी-एचसीव्ही : १.७२, रिॲक्टिव्ह’ असे आहे आणि शेजारी ‘१.०० पेक्षा कमी असल्यास नॉन-रिॲक्टिव्ह’ असे छापले आहे. काउंटरवरच्या मुलाने त्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढला आणि ‘लिव्हरवाले डॉक्टर को दिखा दो, देर मत करना’ एवढेच सांगून पुढच्या माणसाला हाक मारली. त्याच अहवालात एसजीपीटी ३१, एसजीओटी २७ आणि बिलिरुबिन ०.७ आहे, म्हणजे यकृताचे आकडे सरळ दिसतात.

कावीळ मला आयुष्यात कधी झालेली नाही. तीन तपासण्यांमधल्या दोन एक सांगतात आणि एक वेगळेच सांगते. मी माझे ताट, पेला आणि टॉवेल वेगळे केले आहेत. मुलगी बारावीला आहे, तिला पित्त झाले आहे असे सांगितले. अनंत चतुर्दशीला झाँक्या (मिरवणुकीतले देखावे) पाहायलाही गेलो नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की मला हा आजार आहे की नाही, आणि हे ठरवायचे कसे?

सराफ्यातला | १२ सप्टेंबर, रात्री १०.०५

भाऊ, याला इकडे काला पीलिया म्हणतात. आमच्या साडूंना एका वैद्याच्या पुडीने गुण आला होता, सात दिवस अनशापोटी ताकातून घ्यायची. पत्ता हवा असल्यास निरोप करा.

लॅबवाला_उज्जैन | १२ सप्टेंबर, रात्री ११.३०

राजेंद्रनगरकर, मी गेली एकोणीस वर्षे प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराबद्दल बोलणार नाही. पण हे आकडे रोज माझ्या हातून छापले जातात, म्हणून त्यांच्याबद्दल अधिकाराने सांगू शकतो. सराफ्यातले दादा, पुडीचा विषय कृपया इथेच थांबवू या, कारण यांना आजार आहे की नाही हेच अजून ठरलेले नाही.

आपण तिन्ही वेळा जी तपासणी केली, ती विषाणू शोधतच नाही. विषाणू शरीरात शिरला तर त्याच्याविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, तयार करते ती ही तपासणी शोधते. पावसात चोर येऊन गेला तर अंगणातल्या चिखलात पाऊल उमटते. ते पाऊल पाहून चोर अजून घरात आहे की केव्हाच निघून गेला हे कळत नाही, आणि कधी कधी ते पाऊल शेजाऱ्याचेच निघते. अँटी-एचसीव्ही रिॲक्टिव्ह येण्याचे अर्थही असेच तीन आहेत. विषाणू आत्ता शरीरात आहे. किंवा पूर्वी कधी येऊन आपोआप अथवा औषधाने गेला आहे. किंवा तो कधी आलाच नव्हता आणि किटाने दुसऱ्याच कुठल्या तरी प्रतिपिंडाला एचसीव्हीचे समजून घेतले. तिन्ही प्रसंगी अहवालावर शब्द एकच छापला जातो.

आता १.७२ बद्दल. मशीन आपल्या रक्तातून आलेल्या प्रकाशाचे मोजमाप करते आणि त्याला किटाच्या ठरलेल्या मर्यादेने भागते. त्या भागाकाराला आम्ही एस बाय सीओ म्हणतो. भागाकार १ किंवा अधिक आला की छापाई यंत्र ‘रिॲक्टिव्ह’ लिहिते. मग तो १.०३ असो की १८, शब्द बदलत नाही. वास्तविक या दोहोंत फार अंतर आहे. ज्यांना खरोखर संसर्ग झालेला असतो त्यांचे आकडे बहुधा मोठे असतात. १ आणि ३ च्या मध्ये रेंगाळणाऱ्या आकड्यांत चुकीच्या रिॲक्टिव्हचे प्रमाण पुष्कळ असते. कोणत्या आकड्यापुढे निकालावर भरवसा ठेवावा ही रेषा किटागणिक बदलते. जुन्या मार्गदर्शिकांत एका पद्धतीसाठी ३.८, दुसऱ्या पद्धतीच्या एका किटासाठी ५ आणि आणखी एका किटासाठी ८ अशा रेषा दिल्या होत्या. म्हणून आपला १.७२ दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरच्या कोणाच्या १.७२ शी ताडून पाहू नका, आणि हा आकडा वाढला-घटला म्हणजे आजार वाढला-घटला असेही समजू नका. हा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी, नव्हे.

कार्ड टेस्ट नॉन-रिॲक्टिव्ह आली म्हणून मशीन खोटे ठरत नाही, कारण कार्ड तुलनेने कमी संवेदनशील असते आणि क्षीण खूण त्याच्या नजरेतून सुटू शकते. तीन तपासण्यांत दोन विरुद्ध एक असे मतदानही इथे चालत नाही. एकाच प्रश्नाची पुन्हा पुन्हा विचारणा करण्यापेक्षा प्रश्न बदलावा लागतो. तो बदललेला प्रश्न म्हणजे एचसीव्ही आरएनए पीसीआर, जी थेट विषाणूचा अनुवंशिक धागा शोधते. तीच करून घ्या. नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात आणि आरएनए लवकर नासतो, म्हणून रक्त जिथे दिले तिथून मुख्य प्रयोगशाळेपर्यंत ते थंड अवस्थेत आणि वेळेत जाते ना, हे निःसंकोच विचारा. उपाशी राहण्याची गरज नाही.

राजेंद्रनगरकर | १३ सप्टेंबर, सकाळी ७.१५

आपले फार आभार. रात्री दोनदा वाचले. एक शंका राहते. किट इतके संवेदनशील आणि अचूक असते असे सगळे म्हणतात, तर चुकीचा रिॲक्टिव्ह असा कितीदा येत असेल? लाखात एखादा असेल, तर मी स्वतःला उगाच धीर देऊ इच्छित नाही.

लॅबवाला_उज्जैन | १३ सप्टेंबर, दुपारी १.५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे. यासाठी थोडे गणित करावे लागेल आणि ते कागदावर मांडल्याशिवाय कोणालाच पटत नाही, मलाही पटले नव्हते.

समजा, एका वस्तीत दर हजारी पाच माणसांना हा संसर्ग झालेला आहे. हा आकडा मी सोयीसाठी धरतो. पंजाब-हरियाणातले काही भाग सोडले तर आपल्या देशात एकूण प्रमाण एक टक्क्याच्या आतबाहेर मानले जाते. आणि समजा, किट इतके चांगले आहे की निरोगी माणसांपैकी शंभरात साडेनव्याण्णव जणांना ते बरोबर नॉन-रिॲक्टिव्ह म्हणते. आता दोन हजार माणसे तपासली. त्यांत खरे संसर्ग झालेले दहा, ते सगळे रिॲक्टिव्ह आले असे धरू. उरलेले १,९९० निरोगी आहेत, त्यांच्यातले अर्धा टक्का, म्हणजे सुमारे दहा, चुकून रिॲक्टिव्ह येतील. एकूण वीस रिॲक्टिव्हपैकी दहा जणांना आजार नाही. किट उत्तमच होते, तरीही निम्मे निकाल चुकीचे. कारण आजारच विरळ आहे. हेच किट डायलिसिस विभागात लावले, जिथे संसर्गाचे प्रमाण बरेच जास्त असते, तर बहुतेक रिॲक्टिव्ह खरे निघतील.

स्वेच्छेने रक्त देणारे लोक मुळातच निरोगी असतात, म्हणून शिबिरातल्या क्षीण रिॲक्टिव्हांत चुकीचे निकाल अधिक निघणे हे गणिताला धरूनच आहे. रक्तपेढीचे कामही वेगळे आहे. तिला एकही दूषित पिशवी पुढे जाऊ द्यायची नसते, म्हणून ती मुद्दाम संशयाच्या बाजूला झुकते, पिशवी नष्ट करते आणि दात्याला बोलावते. आपल्याला निदान देणे हा तिच्या तपासणीचा हेतू नसतो. काही रक्तपेढ्या नॅट नावाची विषाणू शोधणारी तपासणी करतात, सगळ्या करत नाहीत.

डॉ_निवृत्त_तिळकनगर | १३ सप्टेंबर, सायंकाळी ६.२०

लॅबवाले यांनी इतके स्वच्छ लिहिले आहे की माझे अर्धे काम झाले. मी फिजिशियन म्हणून चौतीस वर्षे काम केले. थोडी भर घालतो आणि काही प्रश्न विचारतो.

आमच्या शिक्षणाच्या काळात या आजाराला स्वतःचे नावसुद्धा नव्हते. रक्त घेतलेल्या रुग्णांना कावीळ होई, ए आणि बी दोन्ही तपासण्या रिकाम्या येत आणि आम्ही ‘नॉन-ए, नॉन-बी’ असे लिहून मोकळे होत असू. विषाणूची ओळख १९८९ साली पटली आणि त्याबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल मिळाले. आपल्या देशात रक्तपेढ्यांना प्रत्येक पिशवीची एचसीव्ही तपासणी सक्तीची झाली ती २००१-०२ च्या सुमारास. त्यापूर्वी ज्यांना रक्त दिले गेले, त्यांपैकी किती जणांनी आजवर ही तपासणी केली आहे, हे प्रत्येकाने आपल्या घरापुरते तरी आठवून पाहावे.

आता आपल्याविषयी. अकरा वर्षे दर वर्षी रक्त दिले आणि कधी फोन आला नाही, ही माहिती १.७२ पेक्षा मला अधिक मोलाची वाटते. याचा अर्थ गेल्या गणेशोत्सवापर्यंत प्रतिपिंडे नव्हती. मग दोनच शक्यता उरतात : एक तर हा निकाल चुकीचा आहे, नाहीतर संसर्ग गेल्या वर्षभरातला आहे. म्हणून विचारतो : या वर्षात दाताची शस्त्रक्रिया, इंजेक्शनांचा कोर्स, सलाईन, गोंदण, दुसऱ्याचा वस्तरा यांपैकी काही झाले का? आपल्याला संधिवात, थायरॉइड किंवा तत्सम काही स्वप्रतिकार विकार आहे का? अशा विकारांत चुकीचा रिॲक्टिव्ह अधिक आढळतो.

एसजीपीटी सरळ असण्यावर मात्र विसंबू नका. या आजारात अनेकांचे आकडे वर्षानुवर्षे सरळ राहतात आणि आत यकृत हळूहळू घट्ट होत जाते. तो वीस-वीस वर्षे काही बोलत नाही, म्हणूनच तपासणीचा खटाटोप करायचा.

ताट-पेला आजच पुन्हा एकत्र करा. जेवणातून, पाण्यातून, मिठी मारल्याने, खोकल्याने हा पसरत नाही. रक्ताला रक्त लागले तरच पसरतो. वस्तरा, नेलकटर आणि टूथब्रश तेवढे स्वतंत्र असू द्या, जे एरवीही असायलाच हवेत.

बडोद्याची_सून | १३ सप्टेंबर, रात्री ८.४५

थोडा वेगळा अनुभव, पण याच धाग्यात बसतो म्हणून लिहिते. माझे माहेर इंदूरचे, रामबागेतले. लग्नानंतर वडोदऱ्यात आहे. माझ्या सासऱ्यांना २०१७ साली हिपॅटायटिस सी निघाला होता. बारा आठवडे गोळ्या घेतल्या, संपल्यानंतर आणखी बारा आठवड्यांनी पीसीआर केली, विषाणू सापडला नाही आणि डॉक्टरांनी बरे झाल्याचे सांगितले. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी व्हायरल मार्कर, म्हणजे विषाणूंच्या तपासण्या, मागितल्या, तर एचसीव्ही रिॲक्टिव्ह! तिथल्या कर्मचाऱ्यांनी फाइलवर मोठा स्टिकर लावला आणि शस्त्रक्रिया दिवसाच्या शेवटी ढकलली. सासरे ताठ माणूस. पण त्या दिवशी बाकावर खाली मान घालून बसून होते. आम्हीही घाबरलो की रोग उलटला.

नंतर कळले की प्रतिपिंडे बहुधा जन्मभर राहतात, त्यामुळे बरे झालेल्या माणसाची ही तपासणी पुन्हा करण्यात अर्थच नाही. त्याची विचारणा फक्त पीसीआरने होते. आता त्यांचा जुना पीसीआर अहवाल आम्ही लॅमिनेट करून आधार कार्डाच्या जोडीला ठेवला आहे.

डॉ_निवृत्त_तिळकनगर | १३ सप्टेंबर, रात्री ९.१०

सूनबाई, अगदी योग्य. एक पुस्ती जोडतो. ही प्रतिपिंडे राहतात, पण संरक्षण करत नाहीत. बरा झालेला माणूस पुन्हा दूषित रक्ताच्या संपर्कात आला तर त्याला पुन्हा संसर्ग होऊ शकतो. लसही अजून नाही. आहे ती हिपॅटायटिस ए आणि बी साठी. शेवटी ढकलण्याबद्दल : रुग्णालयाने प्रत्येकच रुग्णाचे रक्त दूषित असू शकते असे धरून काळजी घ्यायची असते, त्यामुळे स्टिकर लावून वेगळे बसवण्याला शास्त्रीय आधार नाही.

राजेंद्रनगरकर | १४ सप्टेंबर, रात्री १०.२०

डॉक्टरसाहेब, आपल्या प्रश्नांची उत्तरे. संधिवात किंवा थायरॉइड नाही. गोंदण नाही. मात्र जूनमध्ये एका दाताचे रूट कॅनाल झाले, तीन बैठका. त्याशिवाय न्हाव्याकडे दाढी अधूनमधून करतो. पाते नवे लावतो की नाही याकडे कधी लक्ष दिले नव्हते, आता देईन. आज सकाळी पीसीआरसाठी रक्त दिले. अहवाल चार दिवसांनी येईल. ताट-पेला सौ.ने डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद वाचून स्वतःच एकत्र केला.

महूचा_बाबा | १५ सप्टेंबर, सकाळी ११.००

विषयांतर नाही, पण विचारून घेतो. पत्नीला गरोदरपणातल्या तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला, पीसीआरही पॉझिटिव्ह. बाळ आता सात महिन्यांचे आहे, त्याची अँटीबॉडी तपासणी रिॲक्टिव्ह आली आणि घरात रडारड सुरू आहे. बाळाला अंगावरचे दूध बंद करावे का?

डॉ_निवृत्त_तिळकनगर | १५ सप्टेंबर, दुपारी १२.१५

दूध बंद करू नका. दुधातून हा पसरत नाही. स्तनाग्राला भेग पडून रक्त येत असेल तर तेवढ्यापुरते थांबावे. बाळाच्या रक्तातली प्रतिपिंडे आईकडून नाळेवाटे आलेली असतात आणि ती दीड वर्षाचे होईपर्यंत रेंगाळू शकतात, म्हणून सात महिन्यांच्या बाळाची ही तपासणी काहीच सांगत नाही. बाळाची अँटीबॉडी अठरा महिन्यांनंतर पाहतात. लवकर कळायला हवे असेल तर बालरोगतज्ज्ञ पीसीआर सुचवतील. आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण शंभरात पाच-सहाच्या आसपास आहे, म्हणजे बहुसंख्य बाळे सुटतात. पत्नीच्या उपचारांबद्दल मात्र आता तज्ज्ञांना भेटा.

राजेंद्रनगरकर | १८ सप्टेंबर, सायंकाळी ७.३०

अहवाल आला. ‘एचसीव्ही आरएनए : टार्गेट नॉट डिटेक्टेड’. खाली लिहिले आहे की या तपासणीची शोधमर्यादा १५ आययू प्रति मिली आहे. म्हणजे विषाणू नाही, की पंधरापेक्षा कमी आहे? वाचून सुटल्यासारखे वाटले आणि पाच मिनिटांत पुन्हा शंका आली. सौ. म्हणते, तुम्हाला शंकेचाच आजार झाला आहे.

लॅबवाला_उज्जैन | १८ सप्टेंबर, रात्री ८.००

अभिनंदन! ‘नॉट डिटेक्टेड’ आणि ‘डिटेक्टेड, १५ पेक्षा कमी’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात विषाणूची खूणच दिसली नाही. दुसऱ्यात खूण दिसली, पण इतकी पुसट की तिला आकडा देता येत नाही. असे दुसरे वाक्य उपचार चालू असताना अनेकदा येते, आणि उपचार न घेतलेल्या माणसाच्या अहवालात आले तर नव्या नमुन्यावर तपासणी पुन्हा करावी लागते. आपले पहिले वाक्य आहे. जुनाट संसर्गात विषाणू सहसा हजारांत, लाखांत असतात. पंधराच्या खाली दडून बसण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

डॉ_निवृत्त_तिळकनगर | १८ सप्टेंबर, रात्री ९.२५

मलाही आनंद झाला. अँटीबॉडी क्षीण रिॲक्टिव्ह आणि आरएनए नाही, याचा अर्थ आज आपल्याला हिपॅटायटिस सी नाही. जुना संसर्ग आपोआप बरा झाल्याचीही एक शक्यता असते, कारण संसर्ग झालेल्यांपैकी शंभरात पंधरा ते पंचेचाळीस जण पहिल्या सहा महिन्यांत औषधाविना बरे होतात. पण आपल्या बाबतीत मागची अकरा वर्षे आणि १.७२ हा आकडा पाहता, मी चुकीच्या रिॲक्टिव्हच्या बाजूने झुकतो. ज्यांना याचीही खात्री हवी असते त्यांनी वेगळ्या कंपनीच्या किटावर अँटीबॉडी पुन्हा करावी. दोन वेगळ्या रचनेची किटे एकाच माणसाबाबत तीच चूक सहसा करत नाहीत. उपचारासाठी याची गरज नाही, मनासाठी असेल तर करा.

एकच गोष्ट राखून ठेवतो. रूट कॅनाल जूनमधले, म्हणजे सहा महिन्यांच्या आतले आहे. तिथे संसर्ग झाला असेल असे मला वाटत नाही, पण ताज्या संसर्गात विषाणूची पातळी वर-खाली होते आणि मध्येच एखाद्या दिवशी सापडत नाही असे घडते. आरएनए साधारणतः एक-दोन आठवड्यांत दिसू लागतो, प्रतिपिंडे आठ ते अकरा आठवडे घेतात. म्हणून डिसेंबरअखेर पीसीआर आणखी एकदा करून हा विषय कायमचा मिटवावा. तोवर रक्त देऊ नका. रक्तपेढी आपल्याला पुढेही बहुधा नाकारील. दात्यांच्या नियमांत चुकीच्या रिॲक्टिव्हला फारशी जागा नाही. अकरा वर्षांच्या दात्याला ते लागेल, हे मी समजू शकतो.

आणि मागच्या वेळी सगळ्यांना विचारले होते ते आता आपल्याला विचारतो. घरात २००१ पूर्वी कोणाला रक्त दिले गेले होते का?

राजेंद्रनगरकर | ९ ऑक्टोबर, रात्री १०.५०

उशिरा लिहितो आहे, कारण मधल्या काळात बरेच घडले.

डॉक्टरसाहेबांचा शेवटचा प्रश्न मी जेवताना सहज बोलून दाखवला. आई म्हणाली, ‘मला नाही का चढवले होते, गर्भाशय काढले तेव्हा? दोन बाटल्या.’ ते १९९१ साल. आई आता ७१ वर्षांची आहे. मी स्वतःच्या १.७२ पायी तीन आठवडे झोपलो नाही आणि हिला मात्र आजवर कोणी ही तपासणी करायलाच सांगितले नव्हते. ‘मला काय झालंय? माझी तपासणी कशाला?’ असे म्हणत ती आली.

तिचा आकडा १६.४ आला. पीसीआरमध्ये व्हायरल लोड ६ लाख ४० हजार. एसजीपीटी ५२, एसजीओटी ४४, प्लेटलेट १ लाख ९० हजार. चौतीस वर्षे हा विषाणू तिच्यासोबत स्वयंपाक करत होता, मुले वाढवत होता आणि थकवा आला की ‘वय झालं’ असे ऐकून घेत होता. डॉक्टरांनी वय, दोन्ही एन्झाइम आणि प्लेटलेट यांवरून फिब-४ नावाचा एक आकडा काढला, तो २.२८ आला, आणि तोही नेमका ‘मधला’ निघाला! आमच्या घराला अस्पष्ट निकालांचे काही देणे असावे.

डॉ_निवृत्त_तिळकनगर | १० ऑक्टोबर, सकाळी ८.०५

वाईट वाटले, पण आत्ता कळले हे बरेच म्हणायचे. फिब-४ हा चाळणीचा आकडा आहे : १.४५ च्या खाली असल्यास यकृत फार घट्ट झालेले नाही, ३.२५ च्या वर असल्यास झाले असण्याची शक्यता मोठी, आणि मधल्यांसाठी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा घट्टपणा मोजणारी तपासणी. त्यातही सूत्रात वय गुणाकारात येत असल्यामुळे सत्तरीच्या माणसाचा आकडा आपोआप फुगतो. फायब्रोस्कॅन करून घ्या. त्यात सुई टोचत नाहीत, सोनोग्राफीसारखेच असते, फक्त तीन-चार तास पोट रिकामे हवे.

उपचार सुरू होण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली आहे ना, हे पाहा. तो विषाणू दबून बसलेला असेल तर सी च्या औषधांनी डोके वर काढू शकतो. आईंना हृदयाच्या ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण या गोळ्यांसोबत ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. आम्लपित्ताच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचे कागदही सोबत न्या. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत; आपल्याकडे एम. वाय. किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

सराफ्यातला | १० ऑक्टोबर, सकाळी ९.३०

माझ्या साडूंची पीसीआर कधी झालीच नव्हती, हे हा धागा वाचल्यावर लक्षात आले. ‘गुण आला’ म्हणजे डोळ्यांचा पिवळेपणा गेला, एवढेच. दिवाळीपूर्वी त्यांना घेऊन जातो. पुडीबद्दलचा माझा वरचा प्रतिसाद कोणी मनावर घेऊ नये.

राजेंद्रनगरकर | २ नोव्हेंबर, रात्री ९.१५

फायब्रोस्कॅन ८.१ आला, यकृतात बदल आहेत, पण सिरोसिस नाही असे सांगितले. हिपॅटायटिस बी नाही. सोफॉसबुविर ४०० आणि डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम, दोन्ही रोज एकदा, बारा आठवडे. एकही पैसा लागला नाही. आईने गोळ्यांची वेळ सकाळच्या पोह्यांशी बांधली आहे. माझी बहीण आणि मी, आम्हा दोघांचा जन्म १९९१ पूर्वीचा आहे, तरी बहिणीची तपासणी करून घेतली, नॉन-रिॲक्टिव्ह.

आईने काल विचारले, ‘गोळ्या संपल्या की मग तो रिपोर्ट साधा येईल ना?’ मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

लॅबवाला_उज्जैन | २ नोव्हेंबर, रात्री ११.००

आजींना खरे तेच सांगा : रक्ताचा तो पहिला रिपोर्ट पुढेही रिॲक्टिव्हच येत राहील, कदाचित आयुष्यभर. ‘साधा’ यायचा तो पीसीआरचा, आणि तोही गोळ्या संपल्यापासून बारा आठवड्यांनी केलेला. जानेवारीअखेर गोळ्या संपतील, म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रक्त द्या, जांभळ्या झाकणाच्या नळीत. तो कागद बडोद्याच्या ताईंसारखा लॅमिनेट करा.

राजेंद्रनगरकर | २९ डिसेंबर, सायंकाळी ६.४०

माझी दुसरी पीसीआर : टार्गेट नॉट डिटेक्टेड. आईच्या आठ आठवड्यांच्या गोळ्या पूर्ण झाल्या, एकही चुकली नाही. २५ एप्रिलची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.